वळणापलीकडचा बावटा

फलाट कोयत्यासारखा वाकडा होता, त्यामुळे शेवटच्या डब्यातल्या गार्डला पुढचे डबे दिसतच नसत. म्हणून पुढच्या टोकाला थोरला भाऊ आणि वळणाच्या मधोमध धाकटा उभा असे. सगळे चढले की थोरला हिरवा बावटा दाखवी, तो पाहून धाकटा आपला उचली, आणि गार्ड गाडी सोडी.

दुपार कलली होती. धाकट्याचे पाय भरून आले होते, डोळे मिटत होते. पुढे हिरवं हललं. त्याने बावटा उचलला, गाडी सुटली.

मागच्या बाकावर कुणीतरी धपकन बसलं. बघतो तर थोरला! पाय ओले, बावटा काखेत गुंडाळलेला.

"टाचा पार कामातून गेल्यात रे. आणि गाडी कुणी सोडली?"

"दादा, तूच तर दाखवलास."

"अरे, मी केव्हाचा इकडे नळावर पाय धुतोय!"

तेवढ्यात दुसरी गाडी येऊन थांबली. समोरच्या दारात चढणाऱ्या म्हातारीचा एक पाय अजून फलाटावरच होता.

वळणापलीकडे हिरवा बावटा हलला.

"उचलू नकोस!" थोरला ओरडला.

पण धाकट्याचा सवयीचा हात केव्हाच वर गेला होता, आणि मागे गार्डची शिट्टी वाजली.