स्टेपनी

बाकावर पाण्याच्या सात बाटल्या, बर्फाची एक पिशवी आणि हातमोज्यांचा एक जोड उरला होता. बदली खेळाडू एकही नव्हता, सगळे वापरून झाले होते. फायनलमध्ये आम्ही एका गोलने पुढे होतो, आणि आमच्या गोलकीपरला नुकतंच लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं होतं. समोरच्यांना पेनल्टी मिळाली होती.

"आता स्वतःच उतरा की, स्टेपनी!" गॅलरीतून आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे अध्यक्ष कोचवर ओरडले.

कोच पेंडल इंग्लंडमध्ये वीस वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळले, जिथे माणूस कमी पडेल त्या जागेवर. स्वतःची अशी एक जागा नाही, म्हणून कोल्हापुरात त्यांचं हे नाव पडलं. दर गुरुवारी सरावात ते आमच्याही जागा बदलायचे. "ह्यो फुटबॉल हाय का संगीतखुर्ची?" अध्यक्ष चिडायचे. "फायनल हरला, तर इंग्लंडचं तिकीट काढायचं!"

कोचनी हातमोजे उचलले आणि आमचा एकमेव गोल मारणाऱ्या प्रज्योतला दिले. गुरुवारी गोलमध्ये तोच उभा राहायचा. मग ते गॅलरीकडे वळले आणि आमच्याकडूनच शिकलेल्या मराठीत ओरडले, "पंक्चर झाल्यावर गाडी घरी कोण नेतं वो, अध्यक्ष?"

गॅलरी हसली. अध्यक्ष हसले नाहीत.

शिट्टी वाजली. प्रज्योतने डावीकडे झेप घेतली. चेंडू हातमोज्याला लागून खांबाबाहेर गेला.

उरलेला वेळ आम्ही दहाजण खेळलो. निकाल, एक-शून्य.