पलीकडचं ‘अहो’

बायको गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दिवसापासून त्याला ‘अहो’ म्हणणारं कुणी उरलं नाही. मुलीसाठी तो बाबा, बाकी सगळ्यांसाठी काका. घरात नुसता बसून राहतो म्हणून मुलीने त्याला बळेच बेटावरच्या एका छोट्या हॉटेलात धाडलं. समुद्राला लागून जेमतेम पाच खोल्या आणि मधल्या भिंती लाकडी फळ्यांच्या.

पहिल्याच सकाळी पलीकडच्या गॅलरीतून बाईचा आवाज आला, “अहो, तो ओला टॉवेल गादीवरून उचला!”

“हो, उचलतो,” तो बोलून गेला आणि आपला टॉवेल उचलून वाळत घातला.

“अहो, चपलांतली वाळू झटका!”

“हो, हो.” त्याने झटकली.

“अहो, बीपीची गोळी!”

“हो, घेतो,” म्हणून त्याने घेतलीसुद्धा. कितीतरी दिवसांनी गडी वेळेवर आंघोळ उरकून नाश्त्याला आला.

शेजारचं जोडपं समोरच्याच टेबलावर होतं. नवरा कानात इयरफोन घालून मोबाइलमध्ये बुडालेला.

“काका, इथली हवा यांना मानवली बघा,” बाई कौतुकाने सांगू लागली. “घरी दहा हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. इथे पहिल्याच हाकेला ‘हो’ म्हणतात!”

त्याने घाईघाईने चहाचा कप तोंडाला लावला. बाईने नवऱ्याकडे पाहून सुस्कारा सोडला.



“काम मात्र अजून एकही केलेलं नाही.”