झालं का?

सुनेला बोलायची रीत नाही, हे सासूबाईंचं मत पहिल्या दिवसापासून होतं. आता मात्र कहरच झाला होता. सकाळी फोन उचलला की ना कशा आहात, ना झोप लागली का. थेट विचारणार, "आई, झालं का?" जणू समोर माणूस नाही, तुंबलेली मोरी आहे.

सून दुसऱ्या शहरात लिफ्टच्या कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायची. कुणाची लिफ्ट मजल्यांच्या मध्येच अडकली, कुणाचं दार लागत नाही. ऐकून घ्यायचं, माणूस पाठवायचा, काम झालं का विचारायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. सासूबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत, आणि त्यांच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. नशीब थट्टा करतं ती अशी.

गुडघे पार गेले होते. ऑपरेशन हवं तर आधी वजन उतरवा, असं सांगून डॉक्टरांनी आठवड्याला एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन दिलं होतं. वजन उतरलं की गुडघा, गुडघा झाला की जिना, जिना झाला की खालचा रस्ता. वर्ष झालं, तो रस्ता सासूबाई खिडकीतूनच बघत होत्या. भाजीसुद्धा दोरीला पिशवी बांधून वर यायची.

इंजेक्शनने भूक मेली, आणि भुकेपाठोपाठ पोटानेही संप पुकारला. पोट दगडासारखं, तोंड कडू, संडासात बसून बसून पायांना मुंग्या. जिने जन्मात कुणाला डोकं दुखतं म्हणून सांगितलं नाही, तिला हे सुनेला सांगावं लागलं. कारण पोटचा मुलगा, "आई, तू तिच्याशीच बोल," म्हणून सटकला.

सुनेने काम अंगावर घेतलं. उठल्याबरोबर कोमट पाणी. घरातल्या घरात फेऱ्या. भिजवलेले अंजीर. डॉक्टरांना विचारून पाण्यात विरघळवायची पावडर. आणि रोज सकाळी तोच प्रश्न.

"नाही," सासूबाई म्हणत. फार तर, "नावाला."

मग पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. पाणी किती प्यालात, फळ सालासकट खाल्लंत का, साल का काढलीत. मला फळ खायला शिकवू नकोस, असं सासूबाई फटकारायच्या. सून हसायची. बोलता बोलता गाडी भलतीकडे जायची. तिच्या साहेबाचा केसांचा टोप पंख्याच्या वाऱ्याने तिरका झाला होता. एक म्हातारे गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले आणि फोनवर तिला आपल्या थोरल्या बहिणीच्या भांडणाची अख्खी कथा सांगत बसले. माणूस आला, दार उघडलं, तरी आजोबा फोन ठेवीनात. वेडाच दिसतो, असा सासूबाईंनी निकाल दिला. दार उघडल्यावर आत कोण बसून राहतं?

फोन बंद झाला की घर एवढं गप्प व्हायचं की नळाचा थेंबही ऐकू यायचा. ताट एक, वाटी एक. ती धुवायला किती वेळ लागणार?

महिना गेला. उत्तर बदललं नाही, सुनेचा आवाज मात्र बदलला. तिने पावडर वाढवायला सांगितली, वर रात्रीचं औषध सांगितलं. पावडरचा आणखी एक डबा पाठवू का म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, आहे तोच पुष्कळ आहे. शेवटी डॉक्टरांनी निरोप दिला की पेशंटला घेऊन या. असंच चाललं तर इंजेक्शन बंद करावं लागेल. इंजेक्शन बंद म्हणजे ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही म्हणजे खिडकीच कायमची.

सून रजा टाकून रातोरात आली. प्रत्येक वळणावर खुर्ची मांडत, बसवत, उठवत, तिने सासूबाईंना खाली उतरवलं. तिचे डोळे तारवटले होते. वजन खरंच उतरलंय हं आई, असं ती धापा टाकत म्हणाली. तुझं वाढलंय, सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. मऊ तर लागतंय, असं स्वतःशीच पुटपुटले. पण महिनाभर हाच त्रास असेल तर धोका पत्करणार नाही, इंजेक्शन आजपासून बंद, ऑपरेशनचं नंतर बघू. दुसरं औषध द्या, मात्रा कमी करा, सुनेने परोपरीने विनवलं. डॉक्टर मान हलवत राहिले. मग एनिमाची तयारी करायला नर्सला सांगायचं म्हणून बाहेर गेले.

पडद्याआड दोघीच उरल्या. एवढ्या वर्षांत सून सासूबाईंसमोर कधी रडली नव्हती, ती आता रडली. माझंच चुकलं म्हणाली, लांबून काही कळत नाही, आधीच यायला हवं होतं. तिने सासूबाईंचा हात धरला.

"आई, खरं सांगा. फार त्रास होतोय का?"

सासूबाईंनी हात सोडवून घेतला नाही.

"चूक तुझीच आहे," त्या म्हणाल्या. "माझं पोट महिनाभर रोज साफ होतंय. पण 'झालं' म्हटलं की तू फोन ठेवतेस."