गाळलेलं वचन

कोरियातल्या बुसानच्या त्या चर्चमध्ये आया सगळं बायबल हातानं लिहून मुलाला संसार थाटताना द्यायच्या. मालसूनकाकूंनी चार वर्षं खपून वह्यांमध्ये लिहिलं. त्यांचा मुलगा मात्र मित्रासोबत संसार थाटत होता.

वह्यांवर आशीर्वादाची सही करण्याआधी पाळकसाहेबांनी त्या तपासल्या आणि एका पानावर बोट ठेवलं. "काकू, पुरुषानं पुरुषाजवळ निजू नये, हे वचन गाळलंत? देवाच्या शब्दाला कात्री लावायची नसते हो!"

"बायकांनी चर्चच्या मंडळीत तोंड उघडू नये, हेही गाळलंय की. ते नाही दिसलं?"

"ते त्या काळापुरतं होतं," पाळकसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "आता उठा लवकर. आजची प्रार्थना तुम्हालाच सांगायची आहे, मंडळी खोळंबलीय."