चौदा नंबरचा नियम

तेजलने बटण दाबलं आणि अकराव्या सेकंदाला अख्ख्या कॉलेजचं वेळापत्रक पडद्यावर उमटलं. कुणाचा तास कुणाच्या तासावर आदळत नव्हता, एकही वर्ग रिकामा नव्हता. प्राचार्या उन्नती मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, यासाठी आमचा दरवर्षी अख्खा जून जायचा!"

विक्रांत सर हसले. हसावंच लागलं. मनातून मात्र ते जळत होते. काय हवं ते फक्त सांगायचं, कसं करायचं ते यंत्राने बघायचं, असली ही प्रोग्रॅमिंगची भाषा. अंबरनाथच्या या कॉलेजात ती अठरा वर्षं फळ्यावर शिकवली कुणी? त्यांनी. सगळी प्रमेयं तोंडपाठ. आणि चामटोलीहून स्कूटीवर येणारी ही लॅब असिस्टंट, काल-परवापर्यंत त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारी पोर, चाळीस ओळी खरडते काय आणि उल्हासनगरच्या परिषदेत कॉलेजतर्फे बोलायला निघते काय! आयत्या बिळावर नागोबा. सरांनी स्वतः आजवर एकही प्रोग्रॅम चालवून पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

"नियम दाखव बघू," ते म्हणाले.

तेजलने ओळी उघडल्या. शिक्षकांची नावं नव्हती, नुसते नंबर. एका शिक्षकाला एका वेळी एकच वर्ग. सलग तीनपेक्षा जास्त तास नकोत. सरांचं बोट खाली खाली सरकत गेलं. चूक काही सापडेना, तसतसा त्यांचा जळफळाट वाढू लागला. अडतिसाव्या ओळीवर बोट थांबलं.

चौदा नंबरला सोमवारी शेवटचा तास नको.

"हे काय?"

तेजल पुढची ओळ दाखवू लागली.

"मॅडम, हे बघा. बाकीचे नियम सगळ्यांना सारखे आणि हा एकट्या चौदा नंबरसाठी! याला नियम नाही, वशिला म्हणतात." सरांना आता चांगलाच सूर लागला होता. असेल हिची कुणी मैत्रीण, दुसरं काय!

"चौदा कोण गं?" मॅडमनी विचारलं.

तेजलने एकदा सरांकडे पाहिलं. "राहू दे ना सर ती लाइन. कुणाला त्रास नाही तिचा."

"प्रश्न त्रासाचा नाही, तत्त्वाचा आहे."

"माझीच चूक झाली, मॅडम," तेजल म्हणाली. "काढते."

"काढ. आणि यापुढे कुणा एकासाठी नियम घातलास तर शेजारी कारण लिहायचं." मॅडम उठल्या. "विक्रांत सर, परिषदेत तुम्हीच बोला. एवढं बारकाईने कोण बघतं हल्ली?"

मॅडम गेल्या. तेजलने ओळ पुसली, पुन्हा बटण दाबलं. प्रिंटरमधून आलेला गरम कागद सरांनीच उचलला. मन कसं हलकं झालं होतं. त्यांनी आपलं नाव शोधलं.

सोमवार, शेवटचा तास : विक्रांत सर.

टेबलावर मस्टर पडलं होतं. रोज सकाळी नावासमोर सही ठोकायची, नंबराकडे कोण बघतं? त्यांनी पान उघडलं. नावाच्या डाव्या हाताला, बारीक अक्षरात, चौदा.

दर सोमवारी ते आईला, शालनबाईंना, शिवमंदिरात नेत. दोन वर्षांपासून त्या भिंतीवरची शिल्पं हातानेच चाचपून बघायच्या. त्यासाठी सर दर सोमवारी कुणाशी तरी तास बदलून घेत. कधी दाढ दुखायची, कधी बँकेत काम निघायचं. खरं कारण त्यांनी स्टाफरूममध्ये एकालाही सांगितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी मस्टर मिटत विचारलं.

"कुणी नाही, सर. एकदा सोमवारी देवळात आले होते. गाभाऱ्यात उतरताना तुम्ही आजींना एकेक पायरी मोजून सांगत होता. तुम्हाला हाक नाही मारली."

सरांना पुन्हा तिचा हेवा वाटला. दोन वर्षं त्यांच्या तोंडून जे निघालं नाही, ते हिने एका ओळीत मांडलं होतं. तेही त्यांचं नाव न घेता.

"परत टाकू का ती लाइन?" तेजलने विचारलं. "अकरा सेकंद लागतील. फक्त आता कारण लिहावं लागेल."

तिने अडतिसावी ओळ मोकळी केली. सर शेजारची खुर्ची ओढून बसले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच ते चालत्या प्रोग्रॅमसमोर बसत होते.

"लिही," ते म्हणाले. "आईला दिसत नाही."