बेटावरची फीत

होडी वाळूच्या बेटाला लागली तसे नदीसुरय अंडी सोडून उडाले आणि माणसांच्या डोक्यावर किंचाळत घिरट्या घालू लागले.

"बघा, पाखरंसुद्धा साहेबांच्या स्वागताला आली!" सरपंच म्हणाले. सगळे हसले.

शाल्मलीला हसू आलं नाही. हे बेट पक्ष्यांसाठी राखीव व्हावं म्हणून तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. कार्यक्रम काठावरच करा, असंही बजावलं होतं. पण उद्घाटनाला आलेल्या वनखात्याच्या साहेबांना फोटोत बेट हवं होतं. चैत्रातलं भरदुपारचं ऊन आणि उघडी वाळू. पक्ष्यांची सावली हटली की अंड्यांतला जीव आतच शिजतो.

"नाना, सगळ्यांना लगेच होडीत बसवा," ती सरपंचांच्या कानाशी लागली. "अंडी भाजतायत."

"ताई, राखीव बेटाच्या हुकमावर साहेबांची सही अजून व्हायचीय. आत्ता बिनसलं, तर वाळूवाले उद्याच इथं बोटी लावतील. मग कसली अंडी न् कसलं काय!"

ते खरंच होतं. फीत कापली गेली, भाषण लांबलं, शेवटी एकदाची सही झाली. टाळ्यांच्या आवाजाने पक्षी आणखी वर गेले.

माणसं परत निघाली तेव्हा तिने वाकून एका अंड्याला बोट लावलं. चटका बसला. शेजारच्या अंड्याला हात लावायचं तिला धाडस झालं नाही.

"चला ताई, आटपा!" होडीतून सरपंच ओरडले. "आता इथं थांबायला तुम्हालाही बंदी आहे!"