यंत्र की माणूस?

आकडे पाहिले की सुमेधा खोत गोंधळून जायची. म्हणून बँक सोडून तिने कोल्हापूरच्या एका तातडी मदत केंद्रात फोनवरचं काम धरलं. यंत्रं खोटे फोन करून रुग्णवाहिकांना उगाच धावायला लावू लागल्यापासून प्रत्येक फोन आधी माणूस ऐकायचा आणि 'माणूस' किंवा 'यंत्र' यांपैकी एक बटण दाबायचा. सुमेधाचा कान सहसा चुकत नसे.

त्या सकाळी एका मुलीचा आवाज आला. "नमस्कार. माझी आई उठत नाही. कृपया मदत करावी. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद." ना घाई, ना हुंदका. सुमेधाने 'यंत्र' दाबलं आणि फोन तुटला.

पाच मिनिटांनी पुन्हा तोच आवाज, तीच वाक्यं. तिचं बोट त्याच बटणाकडे गेलं, तेवढ्यात पलीकडे कुणीतरी नाक ओढलं.

"बाळ, कोण तू?"

"मी ओवी. वय सहा वर्षं."

"असं बोलायला कुणी शिकवलं तुला?"

"आई कामावर गेली की घरातलं यंत्र मला सांभाळतं. ते असंच बोलतं."

सुमेधाने झटकन 'माणूस' दाबलं.

रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत तिने ओवीला बोलतं ठेवलं. अखेर फोनवर एका पुरुषाचा आवाज ऐकू आला, "नाडी लागतेय, उचला लवकर!" तेव्हा मात्र सुमेधाला रडू फुटलं.

ते ऐकून ओवी हळूच म्हणाली, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व."